पिशोर ते गंगापूर, मेंढरांसकट

१२ फेब्रुवारी २०२४

मामा आज पुन्हा म्हणाले, "म्या चालत जातो."

पायात सळई, हातात काठी — आणि पिशोरहून गंगापूरला मेंढरं घेऊन चालत जातो म्हणे! सासरा म्हणून मला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, पण हट्टाला यांच्यासारखा माणूस नाही.

आत्याबाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. "जा की. म्या बी येते. तुमाला खांद्यावर घिऊन!"

दोघं नवरा-बायको हसले.

विहिरीत गाळ दिसायला लागलाय. टँकर माणसांपुरता येतो. मेंढरं बाभळीखाली नुसती उभी राहतात. दरसाल आत्तापर्यंत कळप गंगापूरकडं पोचलेला असायचा. तिथं उसाची तोड झालेली रानं, पुंडलिकभाऊंचं शेत, पाटाचं पाणी. पण गेल्या वर्षी शहराच्या कडेला नव्या रस्त्यावर टिपर कळपात घुसला. मामांचा पाय मोडला. मेंढरं किती गेली ते अजून सांगत नाहीत.

१५ फेब्रुवारी

आदिनाथ आला. (नवऱ्याचं नाव लिहिलं! वहीत कोण बघतंय.) कंपनीला सुट्टी होती. आल्या आल्या तेच — "आबा, विकून टाका. वाळूजला माझ्याकडं या. मोठी खोली बघतो."

"खोलीत मेंढरं बसतील का?"

"आबा, मेंढरं विकून म्हणतोय मी!"

"मग म्या तिथं काय करू? खिडकीतून मोटारी मोजू?"

भांडत भांडत त्यानं बापाच्या पायाला तेल चोळून दिलं. चोळतानाही भांडत होता. मला बाहेर येऊन म्हणाला, "त्या दिवशी दवाखान्यात मी त्यांना ओळखलंच नाही गं, एवढी धूळ आणि रक्त." डोळे पुसले आणि पाण्याचे हंडे उचलून निघाला.

दोघांचं बरोबर आहे. माझ्या डोक्याचा पार भुगा.

१७ फेब्रुवारी

सुचलं! मेंढरं चालत नाही जात, तर गाडीनं जातील. माझ्या दादाची जुनी पिकअप आहे. लायसन माझ्याकडं आहे — लग्नानंतर आदिनाथनंच क्लास लावला होता — आणि दादाच्या शेतातलं आलं मी किती वेळा मार्केटला पोचवलंय!

दादाला, मोतीरामला, फोन केला. म्हणाला, "गाडी ने. पण लोक कोंबून भरतात तसं नको भरू. पकडतात. आणि पकडायलाच पाहिजे."

मामांना अजून सांगितलेलं नाही.

२० फेब्रुवारी

जनावरांच्या दवाखान्यात गेले. वैदेही मॅडम नव्या आहेत, क्रांती चौकाकडून रोज येऊन-जाऊन करतात. मला वाटलं, शहरातली बाई, घाईत असेल. उलट खुर्ची दिली, चहा सांगितला.

नियम बरेच आहेत. मॅडमनी एकेक सांगितला. गाडीत पक्के कप्पे हवेत, प्रत्येक मेंढीला आपली जागा, उभं राहता आलं पाहिजे. पाय घसरू नये म्हणून खाली पाचट. वारा खेळला पाहिजे. पाणी, चारा, औषधाची पेटी. बरोबर जनावर कळणारा माणूस. त्या गाडीतून दुसरा माल न्यायचा नाही, आणि तिला आरटीओची वेगळी परवानगी. निघायच्या आधी मॅडम प्रत्येक मेंढी तपासणार, मगच दाखला. आजारी नाही, लंगडी नाही, विण्याजोगी झालेली नाही.

मी म्हटलं, "मॅडम, एवढं सगळं लहान माणसानं कसं करायचं?"

त्या म्हणाल्या, "अवघड आहे, खरंय. पण तुम्ही करा. मी आहे."

'मी आहे' असं किती दिवसांनी कुणीतरी म्हणालं!

२१ फेब्रुवारी

मामांना सांगितलं. आधी नुसती मान हलवली — नाय म्हणून. मी नियम वाचायला लागले. कप्प्याचं ऐकलं, पाचटाचं ऐकलं. गाभण नेऊ नये म्हटल्यावर मान वर केली. शेवटी म्हणाले, "ह्यो कायदा करणारानं कधीतरी मेंढरं राखली असतील."

आत्याबाई — "मंग? जायाचं का नाय?"

"गाडी कोण चालवणार?"

"मी," म्हटलं.

मामांनी माझ्याकडं बघितलं. मग काठी घेऊन मेंढरांकडं गेले. नाही म्हणाले नाहीत!

२७ फेब्रुवारी

शहरात वेल्डिंगवाल्याकडं गाडी लावली. त्याला पटेना. "भाभी, बकरी के वास्ते इतने खाने? एक जाळी ठोक देता, खतम!" मी हलले नाही. कप्पे पक्के केल्यावर दादाला गाडीत आलं भरता येणार नाही. फोनवर विचारलं तर म्हणाला, "आत्ता कुठं आलं आहे माझं? वाळून गेलं सगळं. ठोक खुशाल." हसत म्हणाला, पण मला कसंतरी झालं.

५ मार्च

नापास! आरटीओत गाडी नापास. दोन कप्पे अरुंद निघाले. साहेबांनी टेप लावून दाखवले. रांगेतला एक जण म्हणाला, "ताई, मेंढरंच आहेत, साहेब उगीच ताणतायत." मला आधी साहेबांचा राग आला. मग त्या कप्प्यात मीच वाकून उभी राहिले. वळता येईना. राग गेला.

परत वेल्डिंग.

१४ मार्च

गाडी पास!! आत्याबाईंनी चाकावर पाणी घातलं आणि बॉनेटला हळद-कुंकू.

मेंढरं फार खंगलीत. एक म्हातारी मेंढी आज बसली ती उठलीच नाही. मामांनी तिच्या तोंडात ओंजळीनं पाणी सोडलं. गेली.

१७ मार्च

घाईघाई होतेय. मॅडम स्वतः मेंढरांच्या वाड्यावर आल्या. एकेक मेंढी तपासली — डोळे, खूर, कास. दोघींना बाजूला काढलं. "या आठवडाभरात विणार. या गाडीत नाही चढणार."

मामा हसले. "मला ठावं हाय. तुमाला कळतंय का ते बघत होतो."

"कळलं ना मग?" मॅडमही हसल्या. "पास का मी?"

"पास, पास!"

ठरलं असं: फेऱ्या करून बाकीची मेंढरं पोचवायची. आत्याबाई माझ्याबरोबर, मेंढरं सांभाळायला. मामा त्या दोघींजवळ पिशोरला थांबणार. शेजारच्या मनकर्णाबाईंनी आपल्या पिंपातलं पाणी देऊ केलं. स्वतःच्या घरात पाण्याची बोंब असताना!

१९ मार्च

पहिली फेरी. उन्हं तापायच्या आत पोचायचं म्हणून उजाडताच निघालो. मामांनी प्रत्येक मेंढीच्या पाठीवर हात फिरवला, मग माझ्या डोक्यावर. आरशात बघत होते मी — आम्ही वळेपर्यंत उभे होते.

दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. आलं घसरलं तर घसरलं. ही जिवंत आहेत. वळणावर मी इतकी हळू, की मागून सारखे हॉर्न. आत्याबाई काचेतून हात काढून ओरडायच्या, "जा रं बाबा पुढं! तुला लई घाई!"

फुलंब्रीच्या पुढं निवडणुकीची नाकाबंदी. हवालदारानं हात केला.

"मेंढरं? कुठं चालवली? गाडी कोण चालवतंय?"

"मीच. माझ्या सासऱ्यांची मेंढरं आहेत."

सगळे कागद दिले. दाखला वाचला त्यानं, मग मागं जाऊन आत डोकावला. एक मेंढी मजेत बसून रवंथ करत होती. दुसऱ्या पोलिसाला हाक मारली त्यानं — "अरे ये देख, ये तो आराम से बैठेली है!"

आत्याबाई खाली उतरून म्हणाल्या, "व्हय. आमाला एस्टीत एवढी जागा मिळत नाय."

सगळे हसले. हवालदारानं आपल्या जारमधलं पाणी आमच्या बादलीत ओतलं. निघताना मला म्हणाला, "सावकाश जा, ताई." आत्याबाई गंगापूर येईपर्यंत भेटेल त्याला सांगत होत्या — चहावाल्याला, पंपावरच्या पोराला — "ही माजी सून हाय. हीच चालवती."

वाळूजला रस्त्याच्या कडेला आदिनाथ उभा! रात्रपाळी करून, कंपनीच्या कपड्यात, पाण्याचे कॅन घेऊन. डब्याच्या झाकणातून एकेका मेंढीला पाणी पाजलं. मेंढरं विका म्हणणारा तोच हा! निघताना माझ्या खिडकीशी आला — "ब्रेक नीट लागतात ना?" एवढंच. मला सगळं ऐकू आलं.

पुंडलिकभाऊंच्या रानात फळी टाकून मेंढरं उतरवली. उसाचं हिरवं वाढं पुढं. आधी हुंगत राहिली, मग तुटून पडली. आत्याबाई बांधावर बसून रडल्या. मीही.

२१ मार्च

फेऱ्या चालू. पाठ मोडलीय. आजपर्यंत नेलेली सगळी धड पोचली.

२६ मार्च

मनकर्णाबाईंचा फोन: दोघी व्याल्या! एकीला जुळं. मामा कोकरं कुशीत घेऊन बसलेत, जेवायला उठत नाहीत म्हणे.

६ एप्रिल

आज शेवटची फेरी. बाळंतिणी, कोकरं आणि मामा. मॅडमनी मुद्दाम येऊन तपासलं. कोकरांना आयांजवळ मोठा कप्पा.

मामा माझ्या शेजारी बसले, समोरचा दांडा धरून. गेल्या वर्षीच्या ॲम्ब्युलन्सनंतर गाडीत बसले नव्हते. शहराच्या कडेला ती जागा आली. मी वेग कमी केला. तिथं आता लांबच लांब भिंत आहे, आत फ्लॅट उभे राहतायत. मामा म्हणाले, "हितं आमचा मुक्काम असायचा. लई गोड गवत." बास. पुढं त्यांनी दांडा सोडला आणि हात मांडीवर ठेवला.

जरा वेळानं बघते तर झोपले होते! माझ्या गाडीत!

९ एप्रिल

पाडवा. रानातच गुढी. आदिनाथ श्रीखंड घेऊन आला, सगळे एकत्र जेवलो. कोकरं त्याच्या बुटांच्या नाड्या चघळत होती आणि तो चघळू देत होता.

१२ एप्रिल

पिशोरहून सरूबाईंचा फोन. त्यांचीही मेंढरं मरायला टेकलीत. नवरा आजारी, चालत कोण नेणार? "पोरी, आमची बी ने ना." पाठोपाठ आणखी दोघांचे फोन. काय सांगू? दादाला गाडी परत पाहिजे. कप्पे कापून भाड्यानं लावणार आहे. त्याचंही घर आहे. त्याला दोष नाही.

नाही म्हटलं. मामा शेजारीच बसले होते. ऐकत होते.

१५ एप्रिल

आज काय झालं ते लिहवत नाही.

पुंजाराम व्यापारी रानात आला. मामांनीच बोलावला! मामा कळपात शिरून एकेक मेंढी हातानं वेगळी करत होते. निम्मा कळप! ज्या मेंढरांना मी गंगापूरला आणलं, त्यातलीच. त्यांना नावानं हाका मारत होते आणि बाजूला काढत होते.

मी ओरडले. सासऱ्यासमोर पहिल्यांदा आवाज चढवला. "मग एवढं केलं कशाला? तिथंच विकायची होती! आदिनाथ म्हणत होता तेव्हा का नाही विकली?"

"योगिनी, आइक —"

ऐकलं नाही. मी पाटाकडं निघून गेले. आत्याबाईसुद्धा माझ्या मागं आल्या नाहीत, मामांपाशीच बसून राहिल्या. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून.

जेवले नाही. बोलणार नाही.

१८ एप्रिल

सकाळी दादा रानात आला. मला वाटलं, गाडी न्यायला. त्यानं किल्ली मामांना दिली, मामांनी माझ्या हातावर ठेवली. "मेंढरं इकून गाडी घेतली, तुज्या नावानं. माजी तर पोचली. सरूबाईची कोण आणणार?"

उद्या पिशोर.