दुसऱ्याच्या फावड्यावर मिळालेली पाटी परत घेणेबाबत

प्रति,
मा. नवरहिवासी स्वागत अधिकारी,
नगर परिषद, सस्कॅचवान प्रांत, कॅनडा.

विषय : ‘आदर्श शेजारी’ पाटी परत घेऊन मला दंड करणेबाबत (अर्ज तिसरा).
संदर्भ : माझ्या दुसऱ्या अर्जाला उत्तर म्हणून आलेले आपले ‘विनयशीलता प्रशस्तिपत्र’.

महोदया,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, ‘उबदार माणसांचे शहर’ ही आपली पुस्तिका वाचून मी व पत्नी एलेन टोरांटोतील घर विकून येथे आलो. उणे पस्तीस अंशात माणसे किती उबदार राहतात, याचा खुलासा पुस्तिकेत नव्हता. गल्लीत सगळे हसून हात हलवतात आणि दार लावून घेतात. अपवाद एकच, शेजारचे ओरेस्ट स्तेफानिक, वय एक्क्याऐंशी. ते सकाळी आपल्या दारापुढचा बर्फ काढत आणि तसेच पुढे सरकून माझ्याही दारापुढचा काढत. वर मला ‘पोरा’ म्हणत आणि बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, म्हणजे पेरोगी, आणून देत.

२. आपल्या निरीक्षकांनी गाडीची काचही खाली न करता माझा स्वच्छ पदपथ पाहिला व पाटी मला जाहीर केली. आयत्या बिळावर नागोबा झालो. समारंभात मी स्पष्ट सांगितले, “हे काम माझे नाही.” परंतु या गावात मान मिळालेला प्रत्येक जण आधी नाहीच म्हणतो. त्यामुळे सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत ओरेस्ट होते. त्यांनीही वाजवल्या.

३. तेव्हापासून त्यांचे फावडे बरोबर हद्दीवर थांबते. माफी मागायला गेलो, तर म्हणाले, “छे छे, त्यात काय! अभिनंदन, मिस्टर पेटीग्रू.” इथला माणूस इतका गोड बोलला की समजावे, संपले. पेरोगीही बंद. एलेन पुन्हा टोरांटोतल्या घरांच्या जाहिराती पाहू लागली आहे. या शहरात आम्हाला एकच माणूस मिळाला होता, तोही आपल्या खात्याने घालवला.

४. दोनदा खरे लिहिले, दोन्ही वेळा आपण त्याला नम्रता समजलात. सबब आता नागडे सत्य लिहितो : मी नम्र नाही, आळशी आहे. पुराव्यादाखल गेल्या हिमवर्षावापासून पदपथाला हात लावला नाही आणि बर्फ न काढल्याबद्दलच्या दंडाची वाट पाहत बसलो. निरीक्षक आले नाहीत. आज सकाळी ओरेस्ट आले.

“लाज नाही वाटत रे पोरा? टपालवाली पडून तिचा पाय मोडला म्हणजे? म्हणे आदर्श शेजारी!”

एवढे बोलून त्यांनी आपले फावडे माझ्या हातात कोंबले आणि मी ते कसे चुकीचे धरतो, हे शेवटचा बर्फ निघेपर्यंत ऐकवत उभे राहिले. महोदया, इथे आल्यापासून माझ्यावर कोणी इतके मनापासून चिडले नव्हते. फार बरे वाटले. एलेनने खिडकीतून पाहिले आणि दोघांसाठी कॉफी ठेवली.

५. तरी दंड अवश्य करावा आणि पाटीवर माझ्या जागी ‘ओरेस्ट स्तेफानिक’ हे नाव घालावे. ते नाही म्हणतील. माझे ‘नाही’ खरे होते, ते आपण ऐकले नाहीत. त्यांचे खोटे असेल, तेवढे तरी ऐकू नका.

आपला, नम्र नसलेला व कंबर धरलेला,
ग्रॅहम पेटीग्रू
९ फेब्रुवारी

सोबत : पाटी; विनयशीलता प्रशस्तिपत्र. (हे दुसऱ्या कोणालाही द्यावे.)