डावीकडून गुंडाळलेली पट्टी

दुकान,
१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय डावऱ्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. तू दर महिन्याला बाबांना लिहितोस आणि तळाशी 'ताईला नमस्कार' एवढंच. म्हणून या खेपेला उत्तर मीच लिहितेय. बाबा बरे आहेत. हात थरथरतो, जीभ नाही. काल एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "पंखा जळलेला नाही, तुम्ही जाळलाय." ते गिऱ्हाईक आता परत येत नाही.

काम भरपूर आहे. जळलेल्या पाण्याच्या मोटरी, पंखे, मिक्सर नव्या तारेचे वेढे देऊन भरायचे, नेहमीचंच. त्यात मला एक नवं खूळ लागलंय. मी गिटारचे पिकअप भरायला लागलेय. हसायचं तर हसून घे.

झालं असं, की मागच्या गल्लीतले गिटारचे मास्तर एक मुका झालेला पिकअप घेऊन आले. म्हणाले, "एवढ्या मोटरी भरता, हा चिमुकला जीव पण भरून द्या." बाबांनी विचारलं, काय आहे ते? मी सांगायला लागले, की सहा चुंबकं, भोवती केसासारख्या तारेचे आठ हजार वेढे, वर गिटारची तार हलली की आत वीज उठते. बाबा म्हणाले, "मला काय शिकवतेस? एक आपल्याच दुकानात भरला होता." तू सोळा वर्षांचा असताना भरलेला, तो. मग आम्ही दोघंही आपापल्या कामाला लागलो.

त्यासाठीची बारीक तार आपल्याकडे नव्हती. मागवायला आठवडा, आणि मला कुठला दम धरवतोय. आधी पंख्याची तार घेतली. दोन हजार वेढ्यांतच साचा भरला, आणि आवाज इतका क्षीण की मास्तरांनी गिटारला कान लावला. मग स्वस्त मोटरमधली ॲल्युमिनियमची. ती दर शंभर वेढ्यांना तुटायची आणि टोकाला सोल्डर धरेना. मास्तर म्हणाले, राहू द्या. आता मी राहू देणार होय?

शेवटी भंगारात एक जुनं मोजमापाचं यंत्र सापडलं. त्यात तांब्याची तार होती, वर रेशमाचा धागा गुंडाळलेली. अशी तार आता कोणी बनवत नाही. रेशीम जागा खातं, त्यामुळे पाच हजारच वेढे मावले. मी म्हटलं, गेली मेहनत पाण्यात. पण काय वाजला म्हणून सांगू. सहाच्या सहा तारा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या. मास्तर अर्धा तास उठलेच नाहीत.

वेढे मोजणाऱ्याला हाक मारायची नाही, हा बाबांचा नियम अजून चालू आहे. समोर येऊन बोट वर करायचं आणि थांबायचं. मास्तर बिचारे परवा पाच मिनिटं बोट वर करून उभे होते. हा नियम या दुकानात एकदाच मोडला, आणि तो तू मोडलास. धावत आलास आणि म्हणालास, "ताई, निवड झाली तर मी बँडबरोबर जाणार." मी चार हजार तीनशेवर होते. आकडा गेला, सगळं उलगडून परत भरावं लागलं. तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. तुला वाटलं, आकडा गेला म्हणून.

तर, तुलनेला एक जुना पिकअप हवा म्हणून मी तुझी गिटार माळ्यावरून काढली.

खोटं कशाला लिहू. तुलनेला मास्तरांच्या गिटारवरचा दुसरा होता. तुझा मला माझ्या हातांनी नीट करायचा होता, कारण तो मीच बिघडवला होता.

निवडीच्या आदल्या दिवशी तू केस कापायला गेलास. मी पिकअपवरची पट्टी सोडली, तारेचं बाहेरचं टोक ब्लेडने कापलं, दोन्ही टोकं नुसती एकमेकांना टेकवली आणि वर पट्टी गुंडाळली. टेकलेली आहेत तोवर वाजणार, हादरे बसले की बंद. मोटरी भरणाऱ्यालाच सुचेल असली लबाडी. निघताना तू वाजवून बघितलीस, वाजली. तिथे दुसऱ्या गाण्यात गप्प झाली.

मला तू जायला नको होतास. बाबांचा हात तेव्हाच थरथरायला लागला होता, आणि मला हे सगळं एकटीने ओढायचं नव्हतं. याहून चांगलं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

तू घरी आलास. बाबा म्हणाले, "दुकानात वाढलास आणि एक जोड धड देता येत नाही?" तू म्हणालास, "हो बाबा, जोड कच्चा राहिला." मी भाजी चिरत होते. मान वर केली नाही. महिन्याभरात तू त्या गोदामातली नोकरी धरलीस. म्हणजे जायचा तो गेलासच, फक्त गिटारशिवाय.

अकरा वर्षं मी समजत होते की तुला काही ठाऊक नाही.

गेल्या मंगळवारी पिकअप उघडायला घेतला तर पट्टीचं टोक सापडेना. मी उजवीकडून गुंडाळते, बाबाही. ही डावीकडून गुंडाळलेली होती. आणि आपली पिवळी पट्टी नव्हे, काळी, स्टेजवर वायरी चिकटवतात ती. म्हणजे तू तिथेच, घरी यायच्या आधी, उघडून बघितलं होतंस.

आत तारेचं टोक भिंगाखाली धरलं. बाबांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी शिकवलं होतं: जळालेली तार काळी पडते, ताणून तुटलेली टोकाला निमुळती होते, कापलेली सपाट असते. हे टोक सपाट होतं. तुला ते ओळखता आलं नाही असं होणार नाही. आणि घरात एवढं सरळ कापू शकणारा हात माझ्या एकटीचा.

सगळं माहीत असून तू बाबांसमोर म्हणालास, जोड कच्चा राहिला. डावऱ्या, मी खूप रडले. दुकान उघडं होतं, तरी रडले.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, "त्याला बोललो ते आता परत कसं घेऊ?" मी म्हटलं, लिहा. तर म्हणाले, "माझं अक्षर त्याला लागणार नाही. तूच लिही, जोड पक्का होता म्हणून." तर त्यांच्या सांगण्यावरून लिहिते. जोड पक्का होता.

सोबतच्या डबीत तुझा पिकअप आहे. चुंबकं तुझी, तार रेशमाची, वेढे पाच हजार शंभर. सगळे डावीकडून दिलेत. आवाजाला त्याने काही फरक पडत नाही, माझं मनगट मात्र चार दिवस दुखतंय. कापलेलं टोक कागदावर चिकटवलंय. ठेव नाहीतर फेकून दे.

माफ कर. करायलाच हवंस असं नाही.

गिटार पाठवत नाही. तिला नव्या तारा लावल्यात आणि पिकअपची जागा रिकामी ठेवलीय. ही पण लबाडीच म्हण हवं तर, पण या वेळी आधी सांगून करतेय.

आलास तर दारात बोट वर करून उभा राहू नकोस. मी मोजत असले तरी हाक मार. आकडा गेला तर जाऊ दे, मी पहिल्यापासून मोजीन.

तुझी,
ताई