कालचा कंपनीचा शर्ट

अहो,

शेजारच्या द्रौपदीमावशींना घेऊन उल्हासनगरला जातेय, कॅम्प तीनच्या डॉक्टरीणबाईंकडे. डाळभात झाकून ठेवलाय. आईंनी विचारलं तर मी बहिणीकडे गेलेय म्हणा. मागच्या वेळी दुसऱ्याच महिन्यात तुम्ही अख्ख्या चाळीत पेढे वाटलेत, आणि नंतर "काय झालं गं?" म्हणणाऱ्यांना दारोदार उत्तरं मी दिली.

घाबरू नका, रक्त वगैरे काही नाही. पण परवापासून एकही उलटी नाही. महिनाभर तुमच्या कंपनीच्या कपड्यांना येणाऱ्या केमिकलच्या वासाने मला मळमळून यायचं. त्यावरून मी भांडले, कपडे गॅलरीत टांगायला लावले. आज सकाळी तुमचा कालचा शर्ट नाकाला लावून उभी राहिले. काही झालं नाही. मागच्या वेळीही असंच दोन दिवस बरं वाटलं होतं, आणि मी वेडी खूश झाले होते.

मावशी म्हणतात, तिसरा महिना सरत आला की उलट्या थांबतात. आपले आत्ता कुठे अडीच झालेत.

डाळभात राहू द्या. हातपाय धुवायलाही थांबू नका, कपडे तर अजिबात बदलू नका. तसेच दवाखान्यात या आणि माझ्या अगदी जवळ बसा.