पाळकसाहेबांचा झगा

१ मार्च, रविवार. दुपार.
आजचा उपदेश थेट माझ्यासाठीच होता. देवाला उरलंसुरलं देऊ नका, उत्तमातलं उत्तम द्या. मी तिथल्या तिथे उभा राहून जाहीर केलं, की चर्चच्या वर्धापनदिनाला, म्हणजे २२ तारखेला, पाळकसाहेबांना नवा काळा झगा मी शिवून देणार. कपाटातल्या त्या भारी कापडाचा. टाळ्या पडल्या. त्या देवासाठी, मला काय त्याचं. उद्यापासून पहाटे पाचला प्रार्थना.

२ मार्च. सव्वाआठ.
गजर वाजला नाही. बायको म्हणते वाजला, मी उठेना म्हणून तिनं बंद केला. म्हणजे प्रार्थना तिच्यामुळे बुडाली. नोंद असावी.

५ मार्च.
कापड उलगडलं. हात फिरवला आणि जीव हरखला. असं कापड टेलरच्या हाती आयुष्यात एकदाच लागतं. पण साहेब ते घालून उभे राहिले, तर मंडळींनी वचन ऐकायचं की कापड बघायचं?

९ मार्च.
प्रार्थनेत उत्तर मिळालं. (बसूनच केली. गुडघे दुखतात.) झगा अस्तराच्या कापडाचा करायचा. काळं ते काळंच. भारी कापडाचा मला सूट. तो घालून मी देवाच्याच घरी जाणार, म्हणजे कापड शेवटी देवालाच. बायकोला नीट समजावलं. ती काज करत राहिली. तिचं खातं काज, बटण, तुरपाई. कटिंगमधलं तिला काय कळतं.

१२ मार्च.
भारी कापडावर खडूनं सूट आखला. कंबर बेचाळीस. टेप आटलेली दिसते.

१४ मार्च.
अस्तराचा झगा एका दुपारी उरकला. वर्धापनदिनाला चर्चमध्ये वाचायची साक्ष लिहायला मात्र तीन दिवस लागले. ‘एक इंचही मागे न ठेवता, माझ्याकडचं उत्तम ते प्रभूला दिलं.’ साहेबांना आगाऊ नेऊन दिली, त्यांनीच वाचावी. आपल्या तोंडानं आपली स्तुती बरी दिसत नाही.

२१ मार्च, शनिवार.
सूट कापायला बसलो. कपाटात कापड नाही. बायको म्हणाली, दिलं. कोणाला, म्हटलं, तर ज्यांना कबूल केलं होतं त्यांना. झगा कापून, शिवून, इस्त्री करून काल पोचवलासुद्धा. हे सगळं मी दुपारचा झोपतो तेव्हा. पंधरा वर्षं माझ्या शेजारी बसून कटिंग शिकली आणि एका शब्दानं बोलली नाही. घरभेदी. केसानं गळा कापला माझा. जेवलो नाही.
नंतर थोडं जेवलो.

२२ मार्च. दुपार.
साहेबांनी साक्ष वाचली. शब्द न् शब्द खरा निघाला, त्याला मी काय करू? सगळे माझ्याकडे वळून बघत होते. मी जुन्या कोटात. एक आजी डोळे पुसत म्हणाल्या, स्वतः विटकं घालून देवाला नवं दिलं हो. मी मान खाली घातली. ती नम्रता समजली गेली.
झग्याच्या खांद्यात चूक शोधत बसलो. सापडली नाही. आशीर्वादाला साहेबांनी हात उचलला, तेव्हा बाहीच्या आत माझ्याच खडूचा आकडा दिसला. पँट, कंबर ४२. बायकोनं मुद्दाम ठेवला असणार. देवानंही तिचीच बाजू घेतली. माझं म्हणायला कोणी उरलं नाही.

२२ मार्च. संध्याकाळ.
माझ्या अस्तराच्या झग्याचं काय केलंस, विचारलं. म्हणाली, तुम्हाला पायजमा केला. घातला. मन फार दुखावलं होतं, म्हणून कित्येक महिन्यांनी गुडघे टेकले. मागून टर्रकन आवाज आला.
शिवण उसवली असणार, तिचीच. हात लावून पाहिलं. शिवण शाबूत होती. कापड फाटलं होतं. कापड मी निवडलेलं.
आज सगळ्या मंडळीसमोर साहेब यातच गुडघे टेकणार होते.
प्रार्थना सुचेना. बायकोला हाक मारली. ती सुई-दोरा घेऊन आली आणि म्हणाली, उठू नका, असेच राहा.
राहिलो.