मुक्काम नसलेला संकल्प

कर्जत, ता. ९ जानेवारी २०२५

चि. सौ. संजनास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझी समिधा माझ्याकडे सुखरूप पोचली. सुखरूप म्हणायचं ते हात प्लास्टरमध्ये आहे, एवढं सोडून. रात्री दिवा मालवू देत नाही. पण काल गरम भातावर तूप घेऊन दोनदा वाढून घेतलं, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

मावशी झाले तरी सत्तरीकडे झुकलेली मास्तरीण आहे मी, म्हणून शिस्त सांगते. ती इथे आहे हे तू, तुझे यजमान हरिभाऊ आणि मी, एवढ्यांतच राहायला हवं. तुझा फोन शौनकरावांनी घेऊन दिलेला आणि त्यांनीच चालू करून दिलेला. त्यातलं काय काय त्यांना दिसतं कोण जाणे! म्हणून फोनवर चकार शब्द नको. बायकोचा हात मोडणारा जावई आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सुविचार टाकतो, हेही विसरू नकोस. आपण पोस्टाचं पाकीटच वापरू. तुझं अक्षर मला लागतं, म्हणजे देवनागरी वाचणाऱ्या कोणालाही लागेल, तेव्हा पाकीट नीट चिकटव.

घरगुती छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या इथल्या संरक्षण अधिकारी बाईंना भेटून आलो. कोर्टात अर्ज जाईल, तोवर गुप्तता हेच औषध, असं त्या म्हणाल्या. माया आहेच, ती पोटात ठेव. ओठावर आणू नकोस.

तुझी,
चारुताई


शिळफाटा, खोपोली, ता. २१ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून रडले आणि मग पोटभर जेवले. किती दिवसांनी! शेजारी विचारतात, त्यांना समिधा ऑफिसच्या कामाने नागपूरला गेल्याचं सांगते. शौनकराव रोज फोन करून रडतात. खरं सांगू, एकदा माझंही मन पाघळलं. पण तिच्या हाताचा फोटो आठवला आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. माझ्या तोंडून अवाक्षर गेलेलं नाही हो! तू उगाच मला वेंधळी म्हणतेस.

जीव मात्र थाऱ्यावर नव्हता, म्हणून काल सोमवारी महादेवाच्या देवळात तिच्या नावाने रुद्राभिषेक केला. संकल्पाला गुरुजींनी नाव, गोत्र, मुक्काम विचारला. गोत्र मी तिच्या माहेरचं सांगितलं, शौनकरावांचं नाही. गुरुजींनी मान वर करून पाहिलं, तर मीही पाहिलं. मुक्काम मात्र खरा सांगितला. पिंडीसमोर बसून खोटं कसं बोलायचं? पूजा फार छान झाली. ह्यांच्या पुतण्याने सगळं चित्रण करून ग्रुपवर टाकलंय, अमेरिकेतल्या मुलांनाही दर्शन झालं. तूही बघ.

लेकीला जवळ घे माझ्या वाटचं.

तुझी धाकटी,
संजना


कर्जत, ता. २५ जानेवारी २०२५

चि. सौ. संजनास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं. पूजा मी मंगळवारीच पाहिली. देवाच्या कानात सांगायचं ते गुरुजींनी माईकवर सांगितलं, कर्जत नगरात राहणारी समिधा म्हणून, खणखणीत आवाजात! तशीच उठून अधिकारी बाईंना फोन केला. संध्याकाळी त्यांची गाडी आली आणि पोरगी एका पिशवीनिशी गेली. कुठे, ते मी विचारलं नाही. मलाही माहीत नसलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शौनकराव दारात हजर! मी दार अडवून उभी होते, तर मला खांद्याने बाजूला सारून त्यांनी सगळ्या खोल्या पाहिल्या. आतली गादी अजून घातलेलीच होती. तोच भांडी घासता घासता आमची सोनुबाई म्हणाली, की हितं मीच निजते, म्हातारीला रातीला कुनी नाय म्हनून. मला म्हातारी म्हटल्याचं त्या दिवसापुरतं माफ केलं. जाताना ते अंगणातल्या कुंडीला लाथ मारून गेले. पोलिसांत मी तक्रार दिली आहे.

रागावले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. रागावलेय. पण पूजेला बसलेला तुझा चेहराही त्याच चित्रणात दिसत होता, त्यामुळे राग फार वेळ टिकला नाही. सोबत तिची चिठ्ठी पाठवते, बाईंच्या हाती आली. वाचून चुलीत घाल.

धीर सोडू नकोस.

चारुताई


ती. आईस,
सा. न.

पत्राच्या डोक्यावर गाव नाही, तारीख नाही, हे बघून रडू नकोस. खिडकीतून काय दिसतं तेही लिहिणार नाही. मी बरी आहे. प्लास्टर निघालं की पुन्हा काम बघेन. कालपासून दिवा मालवून झोपते.

तू माझं नाव घेतलंस ते मला जपायलाच, हे कळतं गं. पण आता एक कर. मी कुठे आहे ते कोणाला विचारू नकोस, मावशीलाही नाही. तुला अवघड जाईल, म्हणून मागते आहे.

तुझी,
समिधा


शिळफाटा, खोपोली, ता. २८ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

चिठ्ठी चुलीत घातली. आधी पाठ केली, त्याला इलाज नाही. महिनाभर जिभेच्या टोकावर आलेला प्रश्न गिळतेय. भाजी निवडताना वाटतं, तिथे थंडी असेल का? मग भाजीच निवडते.

रविवारी शौनकराव आले, पेढे घेऊन. पाया पडले, रडले. मी ऐकेना म्हटल्यावर त्यांचे डोळे फिरले आणि मला दंडाला धरून देवघरापुढे उभं केलं. माहीत आहे ना त्यांना, मी देवापुढे खोटं बोलत नाही ते! म्हणाले, घ्या शपथ. मी बाळकृष्णावर हात ठेवला आणि शपथ घेतली, की माझी मुलगी कुठे आहे हे मला माहीत नाही. ताई, आवाज जरासुद्धा कापला नाही. मग ह्यांनी पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात परत दिला आणि दार उघडून धरलं. जन्मात कोणाला अरे म्हटलं नाही या माणसाने, पण त्या दिवशी म्हटलं, की पुन्हा पाय ठेवशील तर पोलीस बोलावीन. दंडावरचा वळ दाखवून तक्रारही देऊन आलो.

परवा महाशिवरात्रीला पुन्हा अभिषेकाला बसले. आधी पुतण्याचा फोन माझ्या पदराखाली घेतला. गुरुजींनी नाव विचारलं, गोत्र विचारलं, मग मुक्काम. मी म्हटलं, तेवढं मला ठाऊक नाही. गुरुजी म्हणाले, मुक्कामाशिवाय संकल्प पुरा कसा व्हायचा? मी पिंडीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, त्यांना ठाऊक आहे, तुम्ही पुढचं म्हणा.

पत्रात पत्ता नसला तरी चालेल, लोभ मात्र असू दे.

तुझी धाकटी,
संजना