करंजवणीची बंद वाट

३ मे १९७३, नवी करंजवणी

सुप्याला एस.टी. बदलून दुपारी येथे सुखरूप पोहोचलो. प्रकृती उत्तम, मन प्रसन्न. पुण्याच्या घरात हिवाळ्यापासून जी उमेद उरली नव्हती, ती पुन्हा अंगात आली आहे. कै. पत्नी मनकर्णेची अखेरची इच्छा अशी की, तिच्या अस्थी तिच्या जन्मगावातून उचलून नगरकडील मुळेच्या काठाकाठाने, पायी, हरिश्चंद्रगडाखाली नदीच्या उगमापर्यंत न्याव्यात आणि तेथे सोडाव्यात. ते जन्मगाव, म्हणजे जुनी करंजवणी, काही वर्षांपूर्वी धरणात गेले. यंदाच्या अवर्षणाने पाणी ओसरून ते उघडे पडले आहे. दुष्काळाने निदान एक काम नीट केले.

मुक्काम मेहुण्याकडे. गोरक्षनाथ हा मनकर्णेचा धाकटा भाऊ. आवाज मोठा, माहिती थोडी. अस्थींचा तांब्याचा कलश पाहून तो रडला, भावाला शोभेल त्याहून जरा जास्तच मोठ्याने. अस्थी घरात आणू नयेत म्हणून त्याच्या पत्नीने, केशरबाईने, कलश अंगणातील लिंबाला टांगावयास लावला. टांगला. अशा बाबतींत वाद घालणे म्हणजे त्यांना मान देण्यासारखे आहे.

५ मे

आज नकाशांची निवड केली. नगरच्या दुकानातून घेतलेला जिल्ह्याचा रंगीत नकाशा प्रथम बाद. त्यात दक्षिणेची काष्टी जवळजवळ उत्तरेच्या श्रीरामपूरला खेटून बसविली आहे. असा कागद भिंतीवरच्या कॅलेंडराखाली लावण्याच्या लायकीचा. सर्वेक्षण खात्याचा नवा नकाशा रेखीव आहे, परंतु धरणाच्या जागी नुसता निळा रंग. ज्या गावातून निघावयाचे तेच त्यात नाही. उरला जुना: मैलाला एक इंच, कापडावर चिकटवलेला, घड्या पडूनही शाबूत. त्यात करंजवणीची वेस आहे, मारुती आहे, स्मशान आहे, आणि गावातून निघून नदीचे पात्र ओलांडणारी गाडीवाटही आहे. हाच घेतला.

गोरक्षनाथाने तो उलटा धरून बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, "दाजी, ह्यात आमचा गोठा कुठं हाय?" गोठा परवाचा, नकाशा चाळीस वर्षांपूर्वीचा, हे मी समजावून सांगितले. त्यावर तो हसून म्हणाला, "मंग ह्यो गेलेल्यांचाच नकाशा म्हना की!" आपल्या विनोदावर तो जेवण होईपर्यंत खूश होता.

७ मे

पुण्याच्या जुन्या बाजारात 'लष्करी' म्हणून माझ्या गळ्यात मारलेले होकायंत्र सदोष निघाले. सुई उत्तर सोडून पश्चिमेस, अंगणातील लिंबाकडे, टोक करून राहते. केशरबाईने पाखरांच्या त्रासामुळे कलश गोठ्यामागच्या बाभळीला हलविला, तर सुई तिकडे वळली. तांब्याने सुई हलत नाही, हे शाळेत जाणाऱ्यास सांगावे लागत नाही. सोबतीस आणलेले लहान यंत्र तपासले. तेही तसेच. दोन्ही विक्रेते एकाच माळेचे मणी. दिशा सूर्यावरून आणि नकाशावरून घेईन.

९ मे

जुन्या गावाकडे उतरणाऱ्या वाटेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकून वर दगड ठेवलेले आढळले. या बाजूची रीत अशी की, स्मशानातून परतताना शेवटच्या माणसाने वाटेवर काटा घालावयाचा, बुंधा आपल्या बाजूस, शेंडा स्मशानाकडे, आणि मागे पाहावयाचे नाही. म्हणजे गेलेला माणूस मागून येत नाही. गाव उठले तेव्हा यांनी अख्ख्या गावाला असा काटा घातला! मनकर्णेला पोहोचवून येताना पुण्याच्या वाटेवरही गोरक्षनाथाने हाच प्रकार केला होता. रहदारीचा रस्ता असल्याने ती फांदी मी तेथल्या तेथे उचलून गटारात टाकली, ते योग्यच केले.

गोरक्षनाथ आज चक्क हात जोडून म्हणाला, "दाजी, अक्काला मी खांद्यावरनं नेतो. वरच्या माळानं जाऊ. तुमी निस्तं मागं या." नकाशा उलटा धरणाऱ्याच्या मागून जावयाचे! मी नकार दिला. अस्थी जन्मगावातून उचलावयाच्या, हा मनकर्णेचा शब्द आहे, आणि तो माळाने जाऊन पाळला जात नाही. केशरबाई चुलीपाशी पुटपुटली, "शिकल्याल्यांना काटा टोचत न्हाई वाटतं." मी ऐकले नाही असे दाखविले.

११ मे

सकाळी निघालो. काटा काठीने बाजूस सारला. गावकरी दूर उभे राहून पाहत होते. मदतीस कोणी आले नाही, अपेक्षाही नव्हती. गोरक्षनाथ फांद्यांपर्यंत आला आणि तेथेच थांबला.

जुनी वेस उभी आहे. मारुतीचा कोनाडा रिकामा. वेशीत कलश क्षणभर जमिनीला टेकवून उचलला. पुढे गाडीवाट नकाशाप्रमाणे सरळ पात्रात उतरते; पाणी नाही, वर गाळाची वाळलेली, भेगाळलेली खपली. पाय आपटून पाहिला. भक्कम. माझा नकाशा आणि जमीन यांत तसूभर फरक नाही.

११ मे, पुढे

मध्यभागी खपली फुटली. कमरेपर्यंत गेलो, मग छातीपर्यंत. काही काळ अतिशय त्रास झाला. नंतर एकदम हलके वाटले. पलीकडे पोहोचलो आहे. आश्चर्य हे की कपडे कोरडे आहेत, ही रोजनिशीसुद्धा.

कलश खांद्यावर नाही. गाळात राहिला असावा. गोरक्षनाथाला हाक मारली. ऐकू येत असून उत्तर देत नाही. नुसता दुसऱ्यांच्या नावाने ओरडत पळत सुटला. त्याची रीतच ती.

१२ मे

तहान नाही. भूक नाही. नकाशाप्रमाणे उगमाच्या दिशेने चाललो — पुन्हा वेस. पुन्हा निघालो — वेस. नकाशा बरोबर आहे. चूक जमिनीची असली पाहिजे.

होकायंत्र — सुई आता कलशाकडे वळत नाही. टोक माझ्या छातीकडे. मी वळतो, तीही वळते. दुसरे यंत्र पाहिले. तेही—

भिकार माल.

१२ मे, की १३

माणसे आली. फळ्या, दोर. गाळात काहीतरी ओढत होते. प्रथम कलश निघाला, चिखलाने माखलेला पण झाकण घट्ट. बरे झाले. मग आणखी काही. गोरक्षनाथाने त्यावर स्वतःचे उपरणे टाकले, पण एक पाय बाहेर राहिला. पायात बूट माझ्यासारखा—

तो रडत होता. पुन्हा तसाच मोठ्याने. इतके रडण्यासारखे—

सर्वांना स्पष्ट शब्दांत विचारले, काय चालले आहे. एकाही अडाण्याने मान वर केली नाही.

जुन्या स्मशानात धूर आहे.

तारीख—

ते परत निघाले. मी मागोमाग. गोरक्षनाथ सर्वांत शेवटी. खांद्यावर कलश. तो माळावरून उगमाकडे जाणार, एकाला सांगत होता. नकाशा न घेता. उत्तर कोठे हेही ठाऊक नसलेला मनुष्य मनकर्णेला—

पोहोचवील. तो पोहोचवील.

तो थांबला. फांदी आडवी टाकली. वर दगड. पाठ माझ्याकडे. म्हणाला, "दाजी, मागं येऊ नका."

गेला. वळून पाहिले नाही.

बुंधा त्याच्या बाजूस. शेंडे माझ्याकडे. एक क्षुल्लक फांदी. अशी दोनदा उचलून टाकली आहे. आताही उचलतो. हात घातला आहे — काटा टोचत नाही — हात तिच्यातून —

मनकर्णे, जरा थांबावयास सांग त्याला, मी येथेच