ताट तुमच्याच हातात होतं

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्यावरचा वैताग काही जात नाही. आत्ता चर्चमधून आले आणि पदराला हात पुसत लिहायलाच बसले.

पांढरकवड्याच्या बाजारात सायकल उभी करून तुम्ही ओरडायचे, "देवाची कृपा फुकट हाय बाप्पा! कमवाची नाई, नुसती घ्याची!" तुम्ही सुवार्तिक, गावोगाव येशूची सुवार्ता सांगणं हे तुमचं कामच. साठ सालानंतरची ती वर्षं. प्रभुभोजनाची भाकरी आणि द्राक्षरस द्यायला चर्चचे पाळकसाहेब यवतमाळहून येत. आदल्या दिवशी आई मनुके उकळून रस काढायची. भाकरीच्या तुकड्यांचं ताट तुम्ही सगळ्यांपुढं धरायचे, दारुड्यापुढंसुद्धा. सासूशी भांडून आलेली एखादी मागं सरली की म्हणायचे, "घे वो माय, तुयासाठीच हाय." आणि स्वतः न घेता ताट मेजावर ठेवून द्यायचे! मला तिथंच किंचाळावंसं वाटायचं.

कारण काय, तर आजीच्या मातीच्या दिवशी मोठ्या भावाला मारलेली थोबाडीत. काका ख्रिस्ती झाले नव्हते. त्यांना आजीला जाळायचं होतं, तुम्हाला पुरायचं. भावाशी समेट नाही तोवर मी लायक नाही, हे तुमचं पालुपद. बरं, मग राळेगावला काकांकडं जाऊन समेट करा, तर तेही नाही. कोणत्या तोंडानं जाऊ म्हणे!

तुम्ही खाटेला खिळलात तेव्हा शेवटी मीच एसटीनं गेले. काका अंगणात दोर वळत बसलेत. ऐकून हसायलाच लागतात. "अवं पोरी, ते मी कवाच सोडून देल्लं. लहान भाऊ हाय माया. काहून झुरते तो? त्याले म्हण, घे गुमान." मी धावतपळत येऊन सांगितलं, तर तुम्ही भिंतीकडं तोंड केलं. "त्याचं मन मोठं हाय. मी नाई ना लायक."

जन्मभर लोकांना जे फुकट वाटत फिरलात, ते तुम्हाला स्वतःला मात्र कमवून हवं होतं. पाळकसाहेबांनी ताट पुढं धरलं आणि तुम्ही हात पांघरुणात घेतले. तसेच गेलात. काय म्हणावं या हट्टाला?

आज ताट माझ्यापुढं आलं. बापावर राग धरून बसलेली बाई तुमच्या लेखी लायक नाहीच, आणि खरं सांगते, आजवर मीही ते पुढं जाऊ देत होते. आज घेतलं. राग गेला म्हणून नाही, तो आहे तिथंच आहे.

हे पत्र टाकू तरी कुठं? तांदळाच्या डब्याखाली ठेवते. पण रागासकट घेतलं, बाबा, आणि घशाखाली उतरलं.